हिवतापाच्या औषधाचं झाड भारतात आलं ते या माणसामुळे, पण त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलं फक्त अंथरूण

महाबळेश्वरला गेलेल्या बहुतेकांनी लिंगमळ्याचा धबधबा पाहिलेला असतो. पण याच लिंगमळ्यात इंग्रज सरकारने १८६० च्या दशकात एका परदेशी झाडाची लागवड केली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. झाडाचं नाव सिंकोना. त्याच्या सालीतून क्विनाइन निघतं, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचं कोयनेल. हिवतापावर त्या काळी खात्रीचं असं एवढंच औषध होतं.

लिंगमळ्याची लागवड फसली आणि ती सोडून द्यावी लागली. त्याच सुमारास उटीच्या आसपास मात्र सिंकोना जोमाने वाढत होता.

आता गंमत बघा. महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण, उटीसुद्धा थंड हवेचं ठिकाण. दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे धुकं. मग झाड एकीकडे जगलं आणि दुसरीकडे का नाही?

याचं उत्तर ज्या माणसाच्या टिपणांमध्ये सापडतं, तो महाबळेश्वरला कधी आला नाही आणि उटीलाही नाही. त्याने हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या मूळ जंगलात पाहिलं. तेही अशा अवस्थेत, की त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. त्याचं नाव रिचर्ड स्प्रूस.

शाळामास्तरचा मुलगा

स्प्रूसचा जन्म १८१७ सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या गँथॉर्प नावाच्या खेड्यातला. वडील शाळामास्तर होते. स्प्रूसही मास्तरच झाला आणि यॉर्कमधल्या शाळेत गणित शिकवू लागला. पण त्याचं सगळं लक्ष असायचं ते दगडांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर वाढणाऱ्या शेवाळासारख्या बारीक वनस्पतींकडे. लोक ज्यावरून घसरून पडतात, ते हा भिंगातून बघत बसायचा.

१८४४ मध्ये शाळा बंद पडली आणि नोकरी गेली. मग त्याने छंदालाच पोटापाण्याचं साधन केलं. दूरच्या प्रदेशात जायचं, वनस्पती गोळा करायच्या, वाळवायच्या आणि युरोपातल्या अभ्यासकांना विकायच्या. आधी तो पिरेनीज पर्वतात गेला. त्यानंतर १८४९ साली जहाजात बसून थेट अ‍ॅमेझॉनला निघाला.

तब्येतीने तो आधीपासूनच नाजूक होता. तरीही पुढची पंधरा वर्षं तो दक्षिण अमेरिकेतच राहिला.

ताप खाली, औषध वर

अ‍ॅमेझॉन, रिओ नेग्रो, ओरिनोको. या नद्यांच्या काठाने स्प्रूस वर्षानुवर्षं होडीतून फिरला. हजारो वनस्पती गोळा केल्या. स्थानिक लोकांच्या भाषा शिकला. ज्या वेलीपासून तिथले आदिवासी आयाहुआस्का नावाचं पेय बनवतात, तिचं पहिलं शास्त्रीय वर्णनही त्याचंच.

१८५४ मध्ये ओरिनोको नदीवरच्या मायपुरेस गावात त्याला हिवतापाने गाठलं. महिन्याहून जास्त काळ तो झोपून होता. जगेल अशी आशा आजूबाजूच्या लोकांनी सोडली होती. तो वाचला तो क्विनाइनमुळे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या गरम, दमट, सखल जंगलात तो तापाने फणफणत पडला होता, तिथे सिंकोनाचं झाड नव्हतं. औषध येत होतं शेकडो किलोमीटर दूर, अ‍ॅन्डीज पर्वताच्या उतारांवरून.

अ‍ॅन्डीजवर जंगल एकसारखं नाही. मजले असावेत तसं ते बदलत जातं. अगदी खाली उष्ण, उंच वृक्षांचं सदाहरित जंगल. त्याच्या वर डोंगरउताराचं थंड जंगल, जिथे रोज ढग झाडांमध्ये शिरतात आणि फांद्यांवर शेवाळाचे जाड थर साचतात. त्याहूनही वर गेलं की झाडं संपतात आणि गार वाऱ्याचं गवताळ पठार लागतं. सिंकोनाचं मुख्य घर म्हणजे यातला मधला मजला.

या मजल्यातही सिंकोना एकाच प्रकारचा नाही. दक्षिण इक्वेडोरमधल्या लोहाच्या डोंगरात एक जात, पेरू आणि बोलिव्हियाच्या पूर्व उतारावर दुसरी, आणि चिंबोराझो या हिमशिखराच्या पश्चिम उतारावर तिसरी. या तिसरीची साल लाल, म्हणून तिला स्थानिक लोक कास्कारिया रोहा म्हणायचे. म्हणजे लाल साल. औषधी द्रव्यांचं एकूण प्रमाण या सालीत भरपूर होतं आणि बाजारात तिला मोठी मागणी होती.

लंडनहून आलेलं काम

१८५० च्या दशकाच्या शेवटी इंग्रज सरकार एका हिशेबाला लागलं होतं. भारतात सैनिक, मजूर, रयत सगळेच हिवतापाने बेजार होते. क्विनाइनवर दरवर्षी हजारो पौंड खर्च होत होते आणि सगळा माल दक्षिण अमेरिकेतून यायचा. तिकडे साल काढणारे झाड मुळासकट आडवं करायचे, त्यामुळे जंगलं रिकामी होत चालली होती. मग हेच झाड भारतात लावायचं ठरलं. क्लेमेंट्स मार्कहॅम नावाच्या अधिकाऱ्याकडे मोहिमेची सूत्रं दिली गेली. तो स्वतः पेरूला गेला आणि लाल सालीच्या झाडाचं काम आलं स्प्रूसकडे. तो तेव्हा इक्वेडोरमधल्या अंबातो गावात राहत होता.

स्प्रूसने १८५९ मध्येच पश्चिम उतारावरची जंगलं पाहायला सुरुवात केली. बरोबर असायचे साल गोळा करणारे स्थानिक लोक. कुठलं झाड कुठे असतं याचं खरं ज्ञान त्यांच्याजवळ होतं. दाट जंगलात ते उंचावरून नजर टाकत आणि हिरव्या छतात चमकदार मोठी पानं शोधत. या झाडाची पिकलेली पानं गळण्यापूर्वी रक्तासारखी लाल होतात, ती लांबूनही ओळखू येतात. खात्री करायची तर सालीला कोयता लावायचा. आतला रस हवा लागली की लाल होतो.

कामाला वेग यायच्या आधीच घात झाला. १८६० च्या एप्रिलअखेरीस एका सकाळी स्प्रूसच्या पाठीतलं आणि पायातलं बळ गेलं. बसणं कठीण, चालणं तर त्याहून कठीण. त्या दिवसानंतर त्याचं शरीर पूर्वीसारखं कधीच झालं नाही.

त्याने काम सोडलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण सिंकोनाचं बी पिकायला काहीच महिने उरले होते. तो हंगाम चुकला असता तर पुढे वर्षभर थांबावं लागलं असतं. जूनमध्ये तो घोड्यावर बसून चिंबोराझोच्या कुशीतून घाट ओलांडत निघाला. थोडं चालायचं, मग आडवं पडायचं, असा तो प्रवास होता.

लिमोनचं गुऱ्हाळ

मुक्काम पडला लिमोन नावाच्या वस्तीत. तिथे जंगल तोडून उसाची शेती केलेली होती आणि राहायला जागा मिळाली ती एका गुऱ्हाळाच्या माळ्यावर. खाली उसाचा चरक, वर स्प्रूस.

आधी परवानगीचा प्रश्न सोडवायचा होता. जंगलाच्या मालकांना ४०० डॉलर देऊन त्याने बी आणि रोपं नेण्याचा करार केला. सालीला हात लावायचा नाही, ही अट होती. त्यातच इक्वेडोरमध्ये यादवी युद्ध चालू होतं. सैन्याच्या हालचालींमुळे वाटा बंद व्हायच्या आणि खेचरं मिळेनाशी व्हायची.

जुलैमध्ये इंग्लंडहून पाठवलेला माळी रॉबर्ट क्रॉस येऊन पोहोचला. त्याने छाट कलमं आणि दाब कलमं करायला सुरुवात केली. स्प्रूस मात्र आणखी एका कामात गुंतला होता, आणि आपल्या गोष्टीत तेच महत्त्वाचं आहे.

नुसतं बी नेऊन भागणार नाही, हे त्याला कळत होतं. झाड परक्या मुलुखात जगवायचं असेल तर त्याला घरी काय मिळतं हे आधी समजायला हवं. म्हणून त्याने लिमोनला रोज तापमानाची नोंद ठेवली. रात्री साधारण १६ अंश सेल्सिअस, दुपारी २२-२३. फार गरमी नाही आणि गोठवणारी थंडीही नाही. मुख्य पाऊस वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत पडायचा. पण नंतरच्या कोरड्या महिन्यांतही समुद्राच्या बाजूने धुकं चढून यायचं आणि झाडं ओली ठेवायचं. म्हणजे पाऊस थांबला तरी ओलावा थांबत नव्हता.

लाल सालीचं झाड या उतारावर साधारण अडीच हजार ते पाच हजार फुटांच्या पट्ट्यातच दिसतं, हेही त्याने नोंदवलं. त्याच्या वरच्या भागात सिंकोनाच्या दुसऱ्या, कमी भावाच्या जाती होत्या. साल काढणाऱ्यांनी त्यांना वेगळी नावं दिली होती. कोणाला डोंगरी, तर कोणाला डुकराचं कातडं. डोंगर तोच, पण उंची बदलली की जात बदलायची.

जंगलातलं झाड आणि शेतातलं झाड

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र त्याला उजेडाबद्दल कळली.

दाट जंगलात वाढलेली लाल सालीची झाडं किरकोळ होती. इतर वृक्षांच्या सावलीत ती दबून गेली होती आणि त्यांना फुलोराच नव्हता. उलट जी झाडं जंगल तोडल्यावर उसात किंवा कुरणात उघड्यावर उभी राहिली होती, ती टवटवीत होती आणि फुलाफळांनी लगडलेली होती. त्यातली कितीतरी तर जुन्या तोडलेल्या बुंध्यांच्या फुटव्यांतून पुन्हा वाढलेली होती.

यातून दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे लहान रोपाला सावली लागते, पण मोठं झाल्यावर झाडाला उजेड हवा असतो. भारतात ते जंगलाच्या छायेत कोंडून चालणार नव्हतं, मोकळ्या मळ्यात लावायला हवं होतं. दुसरी म्हणजे साल काढायला झाड मुळासकट मारायची गरज नाही. बुंधा राखला तर तो पुन्हा फुटतो.

आज हे वाचताना साधं वाटतं. पण एखादी वनस्पती कुठे आढळते एवढंच लिहून थांबणारे खूप होते. ती तिथेच का आढळते आणि त्या जागेतही कुठे सुखी आहे, हे आजारी शरीराने महिनोन्महिने एका जागी राहून पाहणारा विरळा.

तराफ्यावरची रोपं

बी पिकू लागलं तशी घाई सुरू झाली. सिंकोनाचं बी पापुद्र्यासारखं हलकं असतं. बोंड उकललं की वाऱ्याबरोबर उडून जातं. त्यामुळे बोंडं उकलायच्या बेतात असतानाच काढायची आणि कापडावर पसरून वाळवायची. अशी जवळपास एक लाख बियाणी जमली. शिवाय ६३७ रोपं तयार झाली.

ती रोपं डोंगरावरून खाली आणून काचेच्या बंद पेट्यांमध्ये ठेवली. या पेट्या म्हणजे छोटी हरितगृहंच. आतला ओलावा आतच राहतो आणि खारा वारा लागत नाही. मग पेट्या लाकडी तराफ्यावर चढवून नदीमार्गे ग्वायाकिल बंदराकडे नेल्या. वाटेत प्रवाहाच्या ओढीने तराफा काठावरच्या झाडांवर आदळला. पेट्या उलथतात की काय अशी वेळ आली, पण बहुतेक रोपं बचावली.

२ जानेवारी १८६१ ला रोपं क्रॉसबरोबर बोटीवर चढली. स्प्रूस किनाऱ्यावरच राहिला.

त्याच वर्षी इक्वेडोरने सिंकोनाची रोपं आणि बी देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. पण तोवर ती गेलेली होती. जमीनमालकांना पैसे मिळाले होते, करारही झाला होता. तरीही ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे झाड ओळखलं आणि ज्या देशाच्या डोंगरावर ते उगवलं, त्यांच्या हातात पुढच्या नफ्यातलं काही आलं नाही. स्प्रूसच्या कामाचं मोल सांगताना ही बाजू वगळता येत नाही.

उटीत जमलं, लिंगमळ्यात नाही

मार्कहॅमने पेरूहून पाठवलेली रोपं तांबड्या समुद्राच्या उष्णतेतून येताना खराब झाली आणि टिकली नाहीत. स्प्रूस आणि क्रॉस यांच्या रोपांपैकी मात्र चारशेहून अधिक रोपं १८६१ च्या उन्हाळ्यात उटीला जिवंत पोहोचली. बियाण्यांतूनही रोपं उगवली. तिथला अधिकारी विल्यम मॅकआयव्हर याने ती हजारोंनी वाढवली. झाड न तोडता सालीच्या पट्ट्या काढायच्या आणि उघड्या भागावर ओलं शेवाळ बांधायचं, म्हणजे साल पुन्हा धरते, ही युक्तीही त्याचीच. शेवाळावर जीव असलेल्या स्प्रूसच्या झाडाला शेवाळानेच बरं करावं, हा योगायोगच.

आता पुन्हा लिंगमळ्याकडे येऊ. निलगिरीला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि परतीच्या काळात ईशान्येकडचाही मिळतो. वर्षाचा मोठा भाग हवेत ओल असते. लिमोनच्या धुक्याशी हे बरंच जुळतं. महाबळेश्वरला पाऊस निलगिरीतल्या बहुतेक जागांपेक्षा कितीतरी जास्त, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे. पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यानंतर महिनोन्महिने जमीन कोरडी. आधी मुळं पाण्यात बुडणार आणि मग तहानेने सुकणार. सिंकोनाला एकूण पाऊस किती यापेक्षा तो वर्षभरात कसा वाटला जातो, हे जास्त महत्त्वाचं होतं. थंड हवा सारखी दिसली तरी जंगल सारखं नव्हतं.

दार्जिलिंगजवळ मंगपूला मात्र लागवड साधली. तिथे सरकारी कारखाना उभा राहिला. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला क्विनाइनची पुडी विकली जाऊ लागली. गावातल्या माणसालाही परवडेल असं औषध पहिल्यांदाच त्याच्या दारापर्यंत पोहोचलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. लाल सालीच्या झाडात औषधी द्रव्यं भरपूर असली, तरी त्यात शुद्ध क्विनाइनचा वाटा कमी निघाला. इतर द्रव्यंही तापावर चालतात असं मद्रास इलाख्यातल्या चाचण्यांत दिसलं, म्हणून भारतात स्वस्त मिश्र औषध बनलं. पण शुद्ध क्विनाइनची बाजारपेठ डचांनी जिंकली. त्यांनी १८६५ मध्ये बोलिव्हियातल्या जातीचं बी मिळवून जावा बेटावर लावलं. १९३० च्या दशकात जगातलं ९० टक्क्यांहून जास्त क्विनाइन जावातून येत होतं. मजा अशी, की डचांची ती जात नाजूक होती. म्हणून तिचं कलम लाल सालीच्या काटक झाडाच्या मुळावर बांधलं जायचं. म्हणजे जावाच्या मळ्यांत वर झाड बोलिव्हियाचं आणि जमिनीत मूळ स्प्रूसच्या जातीचं.

उरलेली तीस वर्षं

स्प्रूसला मात्र नशिबाने साथ दिली नाही. १८६१ मध्ये त्याने साठवलेले पैसे ज्या पेढीत ठेवले होते, ती बुडाली. बारा वर्षांची कमाई, सुमारे ७०० पौंड, गेली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा सत्तेचाळिशीत होता. शरीर खचलेलं आणि हाती काही नाही.

मार्कहॅमने त्याच्यासाठी खूप खटपट केली. १८६५ मध्ये इंग्लंडच्या सरकारने वर्षाला ५० पौंड पेन्शन दिली. भारत सरकारने आणखी ५० पौंड द्यायला १८७७ उजाडलं.

यॉर्कशायरमधल्या कोनीस्थॉर्प खेड्यातल्या छोट्या घरात तो राहिला. बराच वेळ अंथरुणावर किंवा आरामखुर्चीत जायचा. सूक्ष्मदर्शकापुढे फार वेळ बसणंही सोसायचं नाही. तरी त्याने अ‍ॅमेझॉन आणि अ‍ॅन्डीजमधल्या लिव्हरवर्ट या शेवाळाच्या भाऊबंद वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहून पुरा केला. आजही त्या विषयात त्याचं काम मानलं जातं. २८ डिसेंबर १८९३ ला तो गेला. त्याची प्रवासटिपणं १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती संपादित केली त्याचा अ‍ॅमेझॉनमधला जुना मित्र आल्फ्रेड रसेल वॉलेसने, ज्याने डार्विनच्याच काळात उत्क्रांतीचा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला होता.

आणि त्या झाडाचं काय झालं?

स्प्रूसने एवढ्या कष्टाने नेलेलं लाल सालीचं झाड आज एका वेगळ्याच कारणाने चर्चेत असतं. १९४० च्या दशकात ते इक्वेडोरच्याच गॅलापागोस बेटांवर लावलं गेलं. सांताक्रूझ बेटाच्या उंच भागात त्याला हवं ते सगळं मिळालं. धुकं, गारवा, आणि डोक्यावर सावली धरणारा एकही उंच वृक्ष नाही. मग ते असं पसरलं, की तिथल्या मूळच्या झुडपांना आणि नेच्यांना जागा उरेना. आता तिथे ते उपटून काढायची मोहीम चालते.

लिमोनच्या उसात उघड्यावर फोफावलेली झाडं पाहून स्प्रूसने जे ओळखलं होतं, तेच गॅलापागोसमध्ये घडलं. ओल आणि उजेड मिळाला की हे झाड थांबत नाही. लिंगमळ्यात त्याला वर्षभराची ओल मिळाली नाही, तर ते टिकलं नाही.

पुढच्या वेळी कोणी एखादं औषधी झाड कुठेही लावा, भरपूर फायदा आहे असं सांगत आलं, तर लिंगमळ्याला जरूर आठवा. झाडाचं बी सहज मिळतं. त्याचं जंगल मात्र बरोबर आणता येत नाही.